परवाना मालकांच्या नावाचा

आमी मूळचे तलवाड्याकडचे, मेंढरंवाले. बाप रानोमाळ हिंडायचा, घोड्यावर बिऱ्हाड, मागं आमी पोरी, शाळा दुसरीपस्तोर. लगीन झालं सिरसाळ्याकडं, मालक फौजेत. रिटायर होऊन आले अन् ब्यांकेच्या गाडीवर गार्ड लागले, त्यासाठी पिस्तुलाचा परवाना काढला. काय सांगू तुमाला, किती फेऱ्या, बीडला कलेक्टर हापिसात, मग पोलीस गल्लीत येऊन इचारून गेले, माणूस कसा हाय, पितो का, भांडतो का. तवा कुठं ते परवान्याचं पुस्तक हातात पडलं. इलेक्शन लागलं की मालक पिस्तूल ठाण्यात जमा करायचे, झालं की आणायचे. मला म्हणायचे, परवाना माझ्या एकट्याचा हाय, तू हात लावायचा न्हाई. न्हाई लावला कदी.

मग छातीत कळ आली अन् गेले. बसल्या जागी गेले.

तेरावा झाला अन् धाकला दीर आला. वहिनी, दादाचं पिस्तूल दे म्हणला. कावून म्हणलं. तर म्हणे कमरंला असलं की लोकं दबून राहतेत. म्हणलं परवाना? हाय की दादाचा, घरातलाच हाय. म्हणलं दादा कुठं हाय आता. जाताना कपाटाकडं बघत गेला. मला काई ते बरं वाटलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कपाट उघडलं. पिस्तूल लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं, गोळ्या येगळ्या बांधल्या, बाजाराच्या पिशवीत घातलं, वर मेथीच्या जुड्या, अन् एसटीत बसले. तर शेजारी येऊन बसला पोलीसच. मावशी, पिशवी वर ठेवू का, जड दिसती. नगं बाबा म्हणलं, मांडीवरच बरी. ठाण्यात जाऊन टेबलावर ठेवलं तर साहेब उठून उभाच राहिला. बाई, हे तुमी एसटीत आणलं? म्हणलं व्हय, जमा करायचं हाय, मालक गेले. म्हणला अहो, ज्याच्या नावाचा परवाना त्यानंच हे जवळ बाळगायचं, वाटेत कुणी धरलं असतं तर गुन्हा तुमच्यावर झाला असता, एक फोन करायचा, आमी आलो असतो घरी. लई वरडला, पर चहा पाजला, अन् लिहून घेऊन पावती दिली. वारस म्हणून तुमच्या नावानं अर्ज करता का, इचारलं. म्हणलं मी मेंढरं राखते, मला काय करायचं.

दीर तवापासून बोलंना झाला. पुढं त्यानं कुठून तरी बिनपरवान्याचं एक पैदा केलं. कुणाच्या तरी लग्नात, वरातीत, लोकांना काढून दाखवत होता, तिथंच धरला. आता आत हाय. जाऊ माझ्या दारात येऊन रडली, म्हणली तुमी दादाचं दिलं असतं तर ह्यांनी दुसरं आणलं नसतं. मी पाणी दिलं तिला.

आता तिच्या शेळ्या बी माझ्याच मेंढरांसंगं चरायला जातेत. कोर्टाच्या तारखेला तिच्यासंगं मीच जाते. पोलिसाला इचारून दिराला डबा देते. तो माझ्याकडं बघत न्हाई, पर भाकर सगळी खातो. सुटून येऊ दे देवा, एवढंच म्हणते. आला की बोलंल न्हाई तर न्हाई बोलंल.