पियानोतले बेचाळीस स्क्रू

हार्डवेअरच्या दुकानात नर्सबाईंना नळाचा वॉशर हवा होता. पण रांगेत पुढच्या दोघांचं काही आटपेना.

“पियानो सुरात लावायला बोलावलं होतं तुम्हाला, साफ करायला नाही.”

“काका, तारांत बेचाळीस स्क्रू अडकलेले. मला वाटलं, नातवंडांचे प्रताप.”

“मी अडकवलेले. आधुनिक संगीतकारांना तसाच आवाज हवा असतो. तीन महिने खपलोय. सहाला माणसं येतायत ऐकायला.”

“म्हणून तर नवे घ्यायला आलोय ना सोबत.”

“आणि खोडरबराचा तुकडा? तोही फेकलात?”

“तो राहू दिला.”

“का?”

“त्या तारेची पट्टी चारदा वाजवून पाहिली. बरी वाटली.”

“मग थांबा की संध्याकाळी.”

“थांबतो. फक्त खुर्ची मागची द्या. आमच्या धंद्यातलं कुणी बघायला नको.”