उजव्या हाताचा डाग

मीच माझ्या हाताला डाग दिला, दुसऱ्या कुनी न्हाय, हे आधी कबूल करते, म्हंजे पुढं लपवायला काय राहत न्हाय. कोयता चुलीत लाल केला आनि दंडाला आतल्या बाजूनं लावला. आता हसू येतं त्या बाईचं, म्हंजे माझंच, पन तवा ती सोताला मोठी वैदू समजत व्हती.

मी थळ गावची, कोळ्याची पोर. पोराचं पोट फुगलं, कुठं सूज आली, की माझी आई तापला विळा टेकवायची. माझ्या बेंबीभवती चार डाग हायत, सत्तरी आली तरी गेले न्हायत. आमचं शिक्षन ते.

मग उजव्या छातीत गाठ निघाली. मुंबईला नेलं, छाती कापली, काखेतल्या गाठी पन काढल्या, केमो झाली, मशिनीचे शेक झाले, केस गेले नि परत आले. मी म्हटलं सुटले. डाक्टरीनबाई म्हनाली, आजी, आजार गेला, पन हात जन्मभर सांभाळायचा, काखेतल्या गाठी काढल्या म्हनून पानी साठून हात सुजनार, कापायचं न्हाय, भाजायचं न्हाय, ह्या हाताला सुई पन टोचून घ्यायची न्हाय, रोज हलकं चोळून पट्टी बांधायची. आनि ते चोळनं-बांधनं शिकवलं माझ्या सुनंला, दर्शनाला. मी मान हालवली. काय सांगू तुम्हाला, मान हालवायला काय लागतं.

दोन वर्सं तिनं रोज बांधलं. मग एक दिवस बाजारात, गिऱ्हाइकांसमोर, ती म्हनाली, आई, तुम्ही भाव करा, मासळी मी कापते. माझं डोकंच फिरलं. चाळीस वर्सं ह्या फळीवर मी सुरमई कापली आनि ही कालची पोर माझा कोयता मागते. मी पापलेटाची भरली पाटी उचलून तिच्या तोंडावर मारली, ह्याच हातानं. भुवई फुटली, पापलेटं रक्तात लोळली, बाया मधी पडल्या तर त्यांना पन मी शिव्या घातल्या. दर्शनाला चार टाके पडले. तरी रात्री ती पट्टी घेऊन आली, तर मी पट्टी अंगनात भिरकावली. तुझा हात नको मला, म्हटलं.

पंधरा दिवसांत माझा हात दुध्यागत सुजला. बांगडी मनगटात रुतली. तरी तिला हाक न्हाय मारली, अक्कड व्हती ना. घरात कुनी नसताना कोयता तापवला. आता गंमत ऐका, ऑपरेशनपासून दंडाची आतली बाजू बधीर, काय समजतच न्हाय. मी म्हटलं, बघा, मला दुखत पन न्हाय, आनि आनखी दाबून धरला. वास आला, तर वाटलं चुलीवरचा बांगडा करपला.

बांगडा नव्हता तो, मी व्हते.

दुसऱ्या दिवशी हात लाल, अंगात ताप, मी बडबडतेय. दर्शनानं मला रिक्षात कोंबलं. डाक्टरीनबाई अशी कडाडली, का मी म्हातारी नसते तर तिनं मलाच बडवली असती. म्हनाली, विष रक्तात चढलं तर हात काय, तुम्हीच जाल. धा दिवस डाव्या हाताला सलाईन. कातडी काळी पडून निघाली, मांस दिसत व्हतं, आनि ते रोज धुवायची कोन, तर भुवईवर टाक्यांचा वन घेतलेली दर्शना.

हात वाचला. तपासनी सहा महिन्यांनी व्हते, पट्टी रोज. मासळी ती कापते, मी भावावरून भांडते.

पन खोड लगेच जाते व्हय. जखम भरल्यावर पयल्यांदा तिनं पट्टी बांधली तवा मला आवळल्यागत झालं, आनि माझा उजवा हात आपसूक तिच्यावर उठला. तिनं मनगट वरच्या वर धरलं, हलकंच मांडीवर ठेवलं, पट्टी सैल केली आनि म्हनाली, आई, मारायचं आसंल तर डावा हात उचला, उजव्याला मार बसलेला चालत न्हाय. आनि डावा उचललात, तर मी पन उचलीन.