सोयाबीनचा तांबडा रस्सा

मटण सोडून कोल्हापुरात ऱ्हायचं म्हंजे काय, ते आमच्या मामांना विचारा. मामी आजारी पडली तवा त्यांनी जोतिबाला नवस केलता, "ही उठून बसू दे, मी मटण सोडतो." आणि त्याच दिवशी सोडलं. मामी काय उठली न्हाय. म्हंजे नवस फेडायचं कारणच उरलं न्हाय. तरी मामांनी मटणाला हात लावला न्हाय.

आता सुपरमार्केटात दुधापास्नं मटणापत्तूर समदं झाडपाल्याचं मिळतंय. परवा मी सोयाबीनच्या मटणाचं पाकीट आणलं, घरची चटणी घालून तांबडा रस्सा केला आणि वाटी मामांच्या म्होरं ठेवली.

"मामा, खावा. ह्यात बोकड न्हाय, नवस मोडत न्हाय."

मामांनी एक तुकडा तोंडात घातला. बराच वेळ चावला.

"मटणच हाय की रं," म्हणाले, आणि वाटी सरकवली.

"अवो, सोयाबीन हाय!"

"असंल. पर मी काय बोकडासाठी सोडलं न्हवतं. रश्शाचा वास आला की जीभ मागती, मी न्हाय म्हणतो, आणि तुझी मामी आठवती. जिभेला हे दिलं, तर ती मला कवा आठवायची?"