मागचा मडगार्ड

एलिसा : नको म्हणजे नको, स्टॅनीअंकल. आणलेत तसे परत घेऊन जा.

स्टॅनी : अगं, पिशवीतून पाना तरी काढू दे. आगाशीहून रेनकोट घालून आलो, निदान चहाचं विचार. मग हाकल.

एलिसा : चहा देते. पण पप्पांच्या सायकलला मडगार्ड लावायचे नाहीत.

स्टॅनी : गिऱ्हाईक तुझा बाप आहे, तू नाहीस. काल सकाळी त्याने स्वतः दुकानात फोन केला. म्हणाला, स्टॅनी, दोन्ही चाकांना लाव, आणि मागचा चांगला लांब बघून आण. आता बॅप्टिस्टच्या कामाला मी नाही म्हणू? एका बाकावर बसून मार खाल्लाय आम्ही.

एलिसा : सकाळी केला? संध्याकाळी केला असेल.

स्टॅनी : पोरी, मी पाव आणून नुकतं शटर उघडलं होतं. संध्याकाळी पाव कोण आणतं?

एलिसा : बरं, सकाळी. त्यांना काय, सकाळ काय आणि संध्याकाळ काय.

स्टॅनी : बोलला तर अगदी नीट. माझ्या मार्गारेटच्या गुडघ्याचंही विचारलं.

एलिसा : अंकल, ते मडगार्ड काढले कोणी होते?

स्टॅनी : मीच की. तुझ्या मम्मीची माती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणाला, मागे आता कोणी बसायचं नाही, माझ्या पाठीवर चिखल उडाला तर उडू दे. मी म्हटलं राहू दे रे, गंजतील तेव्हा गंजतील. ऐकेल तर शपथ. भंगारवाल्याला देऊन टाकले.

एलिसा : आता तेच रोज माझ्याशी भांडतात, मडगार्ड कोणी काढले म्हणून. मी कामावरून येते, चपला काढते न काढते तोच अंगणात सायकलजवळ उभे असतात. मम्मीचं नाव घेतात, जुलियानाची गाडी यायची वेळ झाली, तिला नालासोपाऱ्याहून आणायचंय, मागे बसली तर साडी चिखलाने भरेल, शाळेत घालायच्या साड्या आहेत तिच्या. कोणी काढले? मग मी सांगते, तुम्हीच काढायला लावलेत. का लावले? मम्मी गेली म्हणून. कुठे गेली? झालं. मग सगळं पहिल्यापासून.

स्टॅनी : म्हणजे तू त्याला सांगतेस? रोज?

एलिसा : रोज.

स्टॅनी : आणि तो काय करतो?

एलिसा : रडतात. दुसरं काय करणार? त्यांना ते तेव्हाच कळत असतं ना. परवा मला म्हणाले, तुम्ही मला मयताला का नाही नेलं? पहिली मूठ त्यांनी टाकली होती, अंकल. तुम्ही बाजूला उभे होतात.

स्टॅनी : छत्री धरून. आठवतंय.

एलिसा : मग?

स्टॅनी : मग माझ्यासारख्या माणसाला एवढंच सुचतं की मडगार्ड लावून टाकावेत. दिसले की गप्प बसेल. प्रश्नच निघायचा नाही.

एलिसा : आणि सायकल काढून निघाले तर? मागे जूचंद्रला गेले होते ते विसरलात? नायगावचा पूल ओलांडून, मम्मीच्या शाळेच्या फाटकाशी. रविवार, शाळा बंद. वॉचमन बिचारा विचारतोय, बाबा, किधर जाना है? आणि हे त्याला सांगतायत, बाई सुटायच्या आहेत, सुटल्या की निघतो. विरारचा फ्लॅट, संसार पीटरच्या भरवशावर सोडून मी इथे राहायला आले ती त्याच दिवशी.

स्टॅनी : कुलूप लाव की सायकलला.

एलिसा : लावलंय. किल्ली माझ्या पर्समध्ये असते.

स्टॅनी : मग निघणार कसा? एलिसा, कुलूप आहे तर मडगार्डने तुझं काय बिघडतंय?

एलिसा : तुम्ही पण तेच. डॉक्टर म्हणतात सांगू नका. ऑस्कर कॅनडातून व्हिडिओ कॉल करून म्हणतो, लेट हिम बी, दीदी. पीटर म्हणतो, म्हण ना, येतेय म्हणून, काय फरक पडतो. सगळ्यांना किती सोपं आहे.

स्टॅनी : सोपं नाही गं. पण म्हाताऱ्याला रोज विधुर करायचं, हे काही मला पटत नाही. राग आला तर येऊ दे.

(बॅप्टिस्ट मागच्या वाडीतून येतात. हातात केळफूल, पायाला चिखल.)

बॅप्टिस्ट : आलास होय रे. हे घे, मार्गारेटला दे. कालचं पाणी अजून वाडीत तुंबलंय, नाहीतर दोन आणली असती. मागचा लांब आणलास ना?

स्टॅनी : लांबच आणलाय. पण तुझी मुलगी पाना लावू देत नाही.

बॅप्टिस्ट : का गो बाय?

एलिसा : पप्पा, वाडीच्या वाटेवर किती चिखल असतो बघा. मडगार्डमध्ये अडकतो, चाक फिरत नाही. म्हणून तर इथे सगळ्यांनी काढून टाकलेत. पडाल कुठेतरी.

बॅप्टिस्ट : चिखल मला शिकवतेस? हाताशी काडी ठेवायची, दोन मिनिटं थांबायचं, काढून टाकायचा. तुझ्या आजोबांपासून तेच करत आलो.

एलिसा : पण आता हवेत कशाला?

बॅप्टिस्ट : असू देत.

एलिसा : मागे बसणार कोण आहे, पप्पा?

स्टॅनी : एलिसा, पुरे.

बॅप्टिस्ट : विचारू दे रे तिला. बसणार कोणी नाही. जुलियाना गेली.

एलिसा : काय?

बॅप्टिस्ट : तीन पावसाळे झाले. मातीच्या वेळी पेटीत मी तिचा चष्मा ठेवला, तू म्हणालीस, पप्पा, कशाला? मी म्हटलं, असू दे, चष्म्याशिवाय ती चिडते. फादर थोडे हसले. चर्चमध्ये सातव्या दिवसाच्या मिस्साला ऑस्कर नव्हता, त्याचं विमान होतं. आणखी सांगू?

एलिसा : तुम्हाला आठवतं हे?

बॅप्टिस्ट : सकाळी आठवतं.

एलिसा : मला कधी बोलला नाहीत.

बॅप्टिस्ट : तू असतेस कुठे सकाळी? मी उठतो तेव्हा तू बसमध्ये असतेस. आज सुट्टी म्हणून घरात दिसलीस. दुपारी जेवून पडलो की सगळं धूसर व्हायला लागतं. संध्याकाळी मी काय करतो, ते मला माहीत नाही. पण सकाळी डोळे जड असतात, घसा बसलेला असतो. सुट्टीच्या दिवशी तू चहा ठेवतेस तो माझ्याकडे न बघता. मी म्हटलं, काहीतरी होतंय या घरात. मग तेजस्वीला विचारलं.

स्टॅनी : दिवसभर त्याच्याजवळ थांबते ती?

एलिसा : हो. काय सांगितलं तिने?

बॅप्टिस्ट : सांगत नव्हती. खूप मागे लागलो तेव्हा म्हणाली, काका, तुम्ही रोज सायकलपाशी उभे राहता, मडगार्ड कोणी काढले म्हणून विचारता. मग ताई तुम्हाला सांगते. मग मला भांडी घासायला सुचत नाही, मी तशीच घरी जाते.

एलिसा : तुम्ही खरं विचारता म्हणून मी खरं सांगते, पप्पा.

बॅप्टिस्ट : मी कुठे चूक म्हणतोय? पण त्या संध्याकाळच्या माणसाची मला कीव येते. सकाळचा मी बरा आहे. मी तिला माती दिली, मिस्सा केल्या, क्रॉसवर नाव कोरून घेतलं. त्याने यातलं काही केलं नाही. त्याला रोज नुसती बातमी येते. म्हणून स्टॅनीला फोन केला. म्हटलं, त्या माणसाला सायकल तयार दिसू दे. पायरीवर बसून वाट बघेल. वाट बघायची त्याला सवय आहे, तिची गाडी कधी वेळेवर आली नाही.

एलिसा : आणि त्याने विचारलं, जुलियाना कुठे राहिली, तर?

बॅप्टिस्ट : पाऊस आहे, गाड्या लेट आहेत, म्हण.

एलिसा : रोज?

बॅप्टिस्ट : रोज.

एलिसा : मला नाही जमायचं ते.

बॅप्टिस्ट : खोटं बोलावं लागेल म्हणून? फादरना मी सांगतो. ते पाप माझ्या नावावर घालतील.

एलिसा : त्याचं काही नाही.

स्टॅनी : मग कशाचं आहे, पोरी? एवढा बाप हात जोडायचा बाकी आहे.

एलिसा : ऑस्कर गेला निघून. पीटर म्हणतो, आता तीन वर्षं झाली, एलिसा. ऑफिसात तर मम्मीचं नावही कोणी काढत नाही, आणि मी काढलं तर लोक घड्याळाकडे बघतात. संध्याकाळी तुम्हाला सांगितलं की तुम्ही रडता. अगदी पहिल्या दिवसासारखे. मला अजून तसंच रडायचं असतं, पप्पा, पण एकटीने येत नाही. तुमच्या बरोबर येतं. मग आपण दोघं त्या पायरीवर बसतो, तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवता. तेवढा वेळ माझ्याशिवाय आणखी कोणासाठी तरी मम्मी गेलेली असते. मी तुम्हाला छळते, ते कळतं मला. अंकल म्हणतात ते बरोबर आहे. पण तुम्ही पायरीवर हसत तिची वाट बघत बसलात, तर मी आत भात लावत एकटीच उरते.

स्टॅनी : मी जरा गॅस बंद करून येतो. चहा उतू जाईल.

बॅप्टिस्ट : बस रे. तुझ्यापासून काय लपवायचं?

स्टॅनी : मगाशी मी जास्त बोललो, एलिसा.

एलिसा : नाही, अंकल.

बॅप्टिस्ट : बाय, हे मला माहीत नव्हतं.

एलिसा : मलाही इतकं माहीत नव्हतं. आत्ता बोलले तेव्हा कळलं.

बॅप्टिस्ट : मग असं कर. नको लावू म्हणालीस तर स्टॅनी परत नेईल. संध्याकाळी मला काय व्हायचं ते होऊ दे. तुला सोबत होत असेल तर होऊ दे.

एलिसा : असं नका ना बोलू.

बॅप्टिस्ट : खरंच म्हणतोय. त्या माणसाला सकाळपर्यंत काही लक्षात राहत नाही.

एलिसा : पण त्या वेळेला दुखतं ना त्यांना? मी बघते, पप्पा. गेटची कडी धरून ठेवता.

बॅप्टिस्ट : असेल. मला कसं कळणार?

एलिसा : मला कळतं.

स्टॅनी : मग काय करू? पाना पिशवीत ठेवू?

एलिसा : लावा, अंकल.

स्टॅनी : नक्की?

एलिसा : लावा. आधी मागचा लावा. तो नीट बसलाय का बघा, संध्याकाळी ते तोच हलवून बघतील.

बॅप्टिस्ट : रडू नकोस गो.

एलिसा : आज गाड्या लेट आहेत म्हणेन. उद्या म्हणेन, शाळेत मीटिंग आहे. पण मग मी कुठे जाऊ, पप्पा?

बॅप्टिस्ट : सकाळी माझ्याकडे ये. सकाळी माझ्यासाठीही ती गेलेली असते.

एलिसा : मी निघते तेव्हा तुम्ही झोपलेले असता.

बॅप्टिस्ट : हलवून उठव. म्हाताऱ्या माणसाला झोपेचं काय एवढं? बसू दोघं पायरीवर. तुला जेवढं रडायचं तेवढं रड, मला येईल तेवढं मी रडेन. मग जा तुझ्या ऑफिसला.

एलिसा : आणि पुढे सकाळीही आठवेनासं झालं तर?

बॅप्टिस्ट : म्हणून तर म्हणतो, उद्यापासूनच ये.