सरी भरंस्तवर

आमचा जलम रानातला. कुठल्या गावचा म्हणून सांगू तुम्हाला? आई मेंढरांमागं चालली व्हती, सुप्याच्या माळावर एका बाभळीखाली बसली, तितं मी झालो, आन् दुसऱ्या दिशी मला घोंगड्यात गुंडाळून ती परत चालाय लागली. आता म्हणाल तर इंदापूर तालुका, कालव्याखालचं हे समोरचं रान. पाटाचं पाणी आलं तशी बापानं मेंढरं इकली, जमीन केली, ऊस लावला, आन् आमी दोघं भाऊ, मी थोरला आन् सोपाना धाकला, ह्या चिखलात रुतलो ते रुतलोच. शाळा म्हणाल तर दुसरी. तिसरीत मास्तरनं कान धरला, म्या त्याचा हात चावला, तितं शाळा संपली. तुमी बी मास्तरच हाय, तवा जरा लांब बसून लिवा.

ढोल मामाकडनं आला. मामा म्हंजी गजी ढोलातला वाघ. बिरोबाच्या यात्रंत त्यानं काठी टाकली की नाचणाऱ्यांचं अख्खं रिंगण एका पायावर वळायचं. पर शिकवायची रीत कसायाची. चुकलं की काठी बोटावर. ही करंगळी वाकडी दिसती का न्हाय, ती मामाची करणी. रडलो तर म्हणायचा, रड, पर तालात रड. आईनं एकदा सुजलेला हात बघितला, म्हणाली, दादा, अरं मारून टाकशील पोराला. त्यो म्हणाला, मग काय झालं, दुसरं हाय की तुझ्याकडं. ते दुसरं म्हंजी सोपाना. त्याला बी बसवला व्हता ढोलावर, पर आठवडाभरात मामानं हाकलला, म्हणाला, ह्याच्या हाताला कानच न्हाईत, ह्याला शेण काढायला लावा. सगळ्या पावण्यांत म्हणाला. सोपाना तवा हसला, पर तितनं पुढं ढोल म्हणलं की त्याचं तोंड कडू.

मामा गेला आन् ढोल माझ्या घरी आला. आमच्यात रीत हाय, देवाचा ढोल वाजवणाऱ्याच्या घरी ऱ्हातो, यात्रंला त्यानंच वाजवायचा, आन् त्यो न्हाय वाजला तर रिंगण उभं ऱ्हात न्हाय. म्हंजी बघा, मान केवढा आन् जोखीम केवढी.

तुमी मघाशी इचारलं, आबा, म्हशी, ऊस, घरदार सांभाळून ह्याला येळ कसा काढला. येळ कोण देतंय का मास्तर? पहाटं धारा, मग वैरण, मग रान, दिस मावळता परत धारा. बाप म्हणायचा, लईच हौस आसंल तर म्हशीच्या पाठीवर वाजीव, माशा तरी उडतील. मग म्या काय केलं, दारं धरायला जाताना ढोल बांधावर न्यायला लागलो. दारं धरणं म्हंजी पाटाचं पाणी एका सरीत सोडायचं, ती भरली की खोऱ्यानं तिचं तोंड बुजवायचं आन् दुसरीचं फोडायचं. सरी भरंस्तवर माणूस नुसता उभा. बाकीचे बिडी वढायचे, दुसऱ्याच्या बायकांवर बोलायचे. मी वाजवायचो. एक सरी, एक चाल. सरी भरली की चाल संपलीच पायजे, न्हायतर पाणी टोकानं पळतंय. उताराची सरी झटक्यात भरती, तितं उडती चाल. काळ्या रानात पाणी भेगंत शिरतंय, गटगट पितंय रान, थांबतंय, परत पितंय, तितं संथ चाल. त्ये पाण्याचं पिणं म्या हातात धरलं. माझ्या समद्या चाली ह्या रानातनं निघाल्या, मामाची त्यात एक बी न्हाय. मामानं बोटं मोडली, चाली पाण्यानं दिल्या.

मग एका वर्साला, यात्रा तोंडावर आली व्हती, आन् एक चाल अशी आली की ती सरीत मावंना. काय सांगू तुम्हाला! सरी भरली, मला दिसत व्हतं भरली, पर काठी थांबंना. पुढनं पुढं निघतच गेली. पाणी बांधाला लागलं आन् बांध फुटला. शेजारी सोपानाचं रान. त्यानं कांदा काढून पातीसकट वाफ्यात पसरला व्हता, त्यो समदा भिजला, चिखलात लोळला, त्याचा वास पुढं सगळ्या वस्तीला आला. मी आज बी म्हणतो, बांध त्याच्या बाजूनं पोकळ व्हता, घुशीनं पोखरलेला. त्याला किती येळा सांगितलं व्हतं भरून घे म्हणून. बांध धड आसता तर चाल बी पुरी झाली आसती आन् कांदा बी वाचला आसता.

सोपाना आला. हातात पात कापायचा इळा. मला म्हणाला, दादा, झालं का वाजवून? म्या म्हणलं, थांब जरा, शेवटाकडचं ऱ्हायलंय. त्यानं इळा घातला ढोलात. मधोमध, ह्या कडंपास्नं त्या कडंपतुर. फाटताना बी ढोल वाजला मास्तर. मग त्यो शांतपणी म्हणाला, आता कर पुरं.

बिरोबाच्या देवळात पंच बसले. सोपाना म्हणाला, ह्याच्या चालीपायी माझा कांदा गेला, माझ्या पोरांनी आता काय चाल खायची भाकरीसंगं? लोकं हसली. म्या म्हणलं, खाऊन बघ, तुझ्या हाताला कान न्हाईत, जिभंला तरी आसतील. लोकं आणखी हसली, आन् सोपानाचं तोंड काळं पडलं. पंचांतले म्हातारे तात्या म्हणाले, कांदा तुमच्या घरातला, तुमी भाऊ-भाऊ बघून घ्या. ढोल देवाचा हाय. सोपाना, यात्रंच्या आत कातडं भरून दे. त्यो व्हय म्हणाला. लगीच व्हय म्हणाला, तवाच मला समजायला पायजे व्हतं.

आमच्या घरी एक बोकड व्हतं, चांद्या. काळं कुळकुळीत, कपाळाला पांढरा टिक्का. त्याची आई त्याला जलम देताना मेली, तर आमच्या घरचीनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं, थंडीत पदराखाली घेऊन निजायची. मोठं झालं तसं ते उसात तोंड घालाय लागलं, मग सोपानाच्या शेरडांत अर्धलीनं दिलं. अर्धलीनं म्हंजी जनावर आपलं, राखायचं त्यानं, आन् मोठं झाल्यावर निम्मं त्याचं, निम्मं आपलं. रोज सांजच्याला चांद्या आपणहून आमच्या दारात यायचा, घरची त्याला भाकरीचा काठ द्यायची, त्यो खाऊन परत जायचा.

दोन दिसांनी सोपानानं ओलं कातडं आणून वट्यावर टाकलं. केसासकट. पांढरा टिक्का वर. घरची चुलीपुढनं उठून आली, तिनं बघितलं. सोपाना मला म्हणाला, पंचांनी कातडं द्या म्हणलं, कुणाचं ते न्हाय म्हणलं. निम्मं माझं, निम्मं तुझं. माझ्या निम्म्यावर वाजीव, दादा. आन् पातेल्यात मटण बी आणलं व्हतं त्यानं, आमचा निम्मा वाटा.

घरची म्हणाली, ह्ये चढवू नका. दुसरं आणा, न्हायतर ह्या वर्साला ऱ्हाऊ द्या. म्या म्हणलं, ऱ्हाऊ द्या? त्येच तर पायजे त्याला. म्या कातडं घेतलं, राखंनं केस काढले, टिक्का व्हता तितली जागा बी घासली, ताणलं, उनात सुकवलं, आन् ढोलावर चढवलं. ती आत बसून ऱ्हायली. पातेलं कुत्र्यापुढं वतलं तिनं.

यात्रंत म्या ती सरीत न मावलेली चाल वाजवली. जलमात तसा वाजवला न्हाय मी. जवान जनावराचं कातडं, नुसतं बोट लावलं तरी बोलायचं. रिंगण आसं वळलं की म्हातारी माणसं रडली, मामाला इसरली लोकं त्या दिशी. सोपाना समोर उभा व्हता. सुपारी चघळत, शेवटपतुर हालला न्हाय. म्या त्याच्याकडं बघूनच वाजवत व्हतो.

घरी आलो गुलालानं माखून. वाजवणारा यात्रंतनं आला की बायकू पायावर पाणी घालती. ती दारात आली, तांब्या खाली ठिवला, म्हणाली, तुमचं तुमी घ्या. आन् मी मेले म्हंजी माझं बी कातडं बघून ठेवा, पातळ हाय, पर चालंल का बघा. मग आत गेली. त्येच्यापुढं संसार केला तिनं माझा, पोरं वाढवली, दुखलंखुपलं बघितलं, पर ढोल ऐकाय कवा आली न्हाय. मरताना सुनांना सांगून गेली, माझ्या दाराशी ढोल आणू नका. तिच्या दहाव्याला लोकं म्हणली, आबा, वाजवा की. म्या न्हाय आणला. सांगितलं व्हतं तिनं.

आता धाकट्या पोरानं ठिबक केलंय. त्यो बारामतीत कामाला, तितनं मोबाईलवर बटन दाबतो आन् हितं उसाला पाणी चालू. दारं धरायचं कामच गेलं. पोरगं म्हणतं, आबा, आता येळच येळ हाय, वाजवा की दिसभर. वाजवतो. पर नवी चाल येत न्हाय मास्तर. एक बी न्हाय आली. ठिबकचं पाणी आवाज करत न्हाय, म्हाताऱ्यानं मुतावं तसं थेंब थेंब पडतंय. दिसभर मोकळा बसतो बांधावर, काठी हातात, आन् डोसक्यात काय बी न्हाय. आधी येळ नव्हता तवा चाली उरावर बसायच्या.

सोपानासंगं बोलणं त्या यात्रंपास्नं बंदच. त्यो बी म्हातारा झाला, बहिरा झाला ठार. मागल्या महिन्यात त्यो बांधाच्या त्या अंगाला येऊन बसला. मी वाजवत व्हतो. लई येळ माझ्या हाताकडं बघितलं त्यानं, आन् बहिरा माणूस वरडतो तसा वरडून म्हणाला, दादा, तुझा हात उशिरा पडतोय आता. म्या म्हणलं, तुला काय कळतंय रं बहिऱ्या. पर त्याला कुठं ऐकू आलं. त्यो म्हणाला, दिसतंय मला. मग म्या हात लई वर उचलून वाजवला, त्याला दिसावा म्हणून. खांदा रातभर ठणकला. दुसऱ्या दिशी त्यो परत आला.

रोज येतो. बोलत न्हाय, उठत बी न्हाय. बसतो आन् चूक हुडकतो.

बरं, जावा आता, उन्हं उतरली. तुमच्या हाताला यश येवो, पोराबाळांत सुखी ऱ्हावा. माझी चाल लिवता आली तर लिवा, न्हाय आली तर द्या सोडून. मला बांधावर जायचंय. त्यो येऊन बसला आसंल.