संत एत्येनचे पाव

—नाही नाही, ते पुस्तक आधी मिटा. पुस्तकातच बघायचं तर घरी बसायचं होतं की, पाहुणे! मान वर करा. हा नव्हे — हा संत लोरां, जाळीवर भाजतायत बिचाऱ्याला, त्याला सगळेच बघतात. पलीकडचा खांब, त्याच्या माथ्यावरचं कोरीवकाम. गुडघे टेकलेला, हात वर केलेला, तो आमचा संत एत्येन. आणि भोवतीच्या चौघांच्या हातात ते गोल गोल — थांबा, इतक्यात नका सांगू. बघत राहा. चर्चची किल्ली माझ्याकडेच असते, मला काही घाई नाही.

माझा नवरा फिर्मँ, गावचा पाववाला. बाप पाववाला, आजा पाववाला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी एत्येनचा सण — तेव्हा अस्सेच गोल पाव भाजायचा, या खांबाखाली रचायचा, घरटी एकेक जायचा. का म्हणजे? संताला भूक लागली, चार भले लोक पाव घेऊन धावले! गावातलं शेंबडं पोरही हेच सांगायचं. मग एक प्राध्यापक आले, माझ्याच स्वयंपाकघरात बसून सूप प्यायले आणि म्हणाले, बाई, ते दगड आहेत. दगडांनी ठेचून मारलं त्याला. — झालं! माझ्या पोटात राहील तर शपथ. सणाला सगळं गाव जमलेलं, फिर्मँच्या हातात टोपली, आणि मी म्हटलं, 'अहो शहाणे, दगड आहेत ते! तीन पिढ्या दगड भाजताय!' लोक काय हसले. तोही हसला. थोडंसं.

पुढच्या वर्षी त्यानं पाव केले नाहीत. मी विचारलंसुद्धा नाही — कंबर दुखत असेल, म्हटलं. त्याच्या पुढच्या वर्षी तोच नव्हता. भट्टी विझली, सणाला कुणी येईनासं झालं. मी येते. दुकानातला पाव आणते, इथे ठेवते, परत नेते. चार दिवस पुरतो, एकटीला संपत नाही हो.

हे कशाला सांगत बसले मी? हं, आता बोला. काही ऐकलंच नाही असं समजा. त्या डावीकडच्याचा हात बघा — कसा जपून धरलाय, गरम असल्यासारखा. दगड असा धरतं का कुणी? सांगा ना, काय आहे ते?

...पुस्तक उघडू नका म्हटलं ना!

राहू दे. चला, व्हा बाहेर. कुलूप लावायचंय मला.