विलायती तुळशीच्या मंजिऱ्या

भिवाजी : खरं सांग सुंदरे, काल मी खोपोलीला शेणखत आणाया गेलो, तवा वाफ्यात कोण शिरलं हुतं? शेळी?

सुंदरा : शेळी कशी शिरंल? फाटक तुमी लावूनच जाता. मीच शिरले हुते. बघा की, कसा साफ केलाय वाफा!

भिवाजी : साफ? अगं, एकूण एक तुरा गेलाय!

सुंदरा : तुरे कुठले? मंजिऱ्या हुत्या त्या. खुडल्या सगळ्या. मंजिरी ठेवली की तुळस वाळती, माझ्या आयनं शिकवलंय.

भिवाजी : तुळस नाय गं ती!

सुंदरा : आता गं बया! रोपं लावली तवा तुमीच म्हणालात, ही विलायती तुळस हाय, हितं खरकटं पाणी टाकू नगंस. तुळशीच्या लग्नाला मी तिथं दिवा लावला. तवा का गप बसलात?

भिवाजी : तुळस म्हटलं की तू जपशील, म्हणून बोललो. थापच मारली. आता तीच अंगाशी आली.

सुंदरा : मग त्या मंजिऱ्या म्हंजे...

भिवाजी : बंगल्याच्या मडमीनं विलायतेतनं बी आणून लावाया सांगितलेलं, तेच निळं फूल. आज-उद्या उमलणार हुतं. रविवारी पुण्याचे पाहुणे येणार, त्यांनी वाफा निळा बघितला की आपल्या दोघांना आठ दिस सुट्टी. शब्द दिला हुता तिनं.

सुंदरा : मला वाटलं, फूल जास्वंदीएवढं असंल! खुडलं म्हंजे झाड जोर धरंल, फूल लवकर यील, आपण लवकर लेकीकडं, बायजाकडं जाऊ, म्हणून तर केलं. आता किती दिस?

भिवाजी : फुटवा यायचा, मग तुरा धरायचा... महिना.

सुंदरा : लेकीचे दिस आठवड्यावर आलेत! पयलं बाळंतपण, आन् आय हितं घाटात. मडमीला बंगल्याच्या आवारात बाळंतीण नको म्हणं, म्हणून कडावला चुलतीच्या पडवीत पडलीय पोर. हे काय काळं पाणी हाय?

भिवाजी : हळू बोल. मडम उठली असंल.

सुंदरा : थांबा. एक मंजिरी देवापुढं ठेवलीय, पाण्यात.

(आतून फुलपात्र घेऊन येते.)

सुंदरा : बघा! खालची दोन उमललीत. निळीच हायत. दाखवा की तिला, फूल आलं म्हणून.

भिवाजी : आन् तिनं इचारलं, कुणी तोडलं, बाकीची कुठं गेली, तर? हे फूल दाखवणं म्हंजे आपणच आपली चोरी दाखवणं.

सुंदरा : मग सांगते मी, मीच खुडली. मारंल काय?

भिवाजी : मारणार नाय, हाकलंल. ही ऱ्हायाची खोली जाईल. आन् जावयाला रेल्वेच्या रुळाच्या कामावर मडमीच्या साहेबानंच लावलाय, त्याच्याबी पोटावर पाय यील.

सुंदरा : म्हंजे जायाचीबी सोय नाय, ऱ्हायाचीबी नाय. माझ्याच हातानं केलं हो मी हे!

भिवाजी : रडू नगंस. ऐक. मी सांगतो, शेंडे मीच खुडले, दुप्पट तुरे येत्यात म्हणून. ते खरंच हाय, माळी तसं करतात. मडम चिडंल, पण ती रोपं माझ्याबिगर जगायची नायत, हे तिला ठावं हाय. मला ती हाकलायची नाय. तू आत्ता निघ. पायवाटेनं कर्जत गाठ, दिस मावळायच्या आत कडाव.

सुंदरा : आन् मला इचारलं तर?

भिवाजी : नवऱ्याशी भांडून गेली म्हणंन. त्यावर साहेब तरी काय बोलणार?

सुंदरा : भांडलेच नाय तुमच्याशी कधी.

भिवाजी : मघाशी काय चाललं हुतं मग?

सुंदरा : हसवू नका. नातवंडाचं तोंड कधी बघणार तुमी?

भिवाजी : तुरे आले की.

सुंदरा : हे फूल नेऊ बायजाला?

भिवाजी : ने. पदराखाली झाक. जा आता, फाटक मी आतनं लावून घेतो.